शेवटच्या पाण्यात काय घालायचं

इस्पितळात तिला सगळे डार्करूमबाई म्हणायचे. एक्स-रे काढणारे बदलले, मोठे डॉक्टर बदलले, दारावरचा लाल दिवा कितीदा जळून नवा बसला, पण आतली बाई तीच राहिली. खिडकी नसलेल्या त्या खोलीत तिने लोकांची मोडकी हाडं, पाणी झालेली फुप्फुसं आणि एकदा एका पोराने गिळलेली किल्ली धुऊन वाळत घातली. फिल्म चौकटीत अडकवायची, पहिल्या, डेव्हलपरच्या टाकीत बुडवायची, मग साधं पाणी, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, मग वाहत्या नळाखाली भरपूर वेळ. आणि सगळ्यात शेवटी एक बादली, त्यात झाकणभर वेटिंग एजंट. या औषधाने पाणी फिल्मवर थेंब धरून बसत नाही, सरसर ओघळून जातं, वाळल्यावर डाग राहत नाही. तिच्या हातच्या फिल्मवर डाग नसे. हाडांचे एक डॉक्टर एकदा म्हणाले होते, "बाई, तुमच्या फिल्मवर ठिपका दिसला तर तो पेशंटच्या हाडातच असणार." हे वाक्य तिने घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की तिने "एकदा ते डॉक्टर" म्हणताच नवरा ते पूर्ण करायचा.

मग इस्पितळात कॉम्प्युटरवरचे एक्स-रे आले. डार्करूममध्ये आता मोडक्या व्हीलचेअर ठेवतात, आणि डार्करूमबाई तळमजल्यावरच्या खिडकीत बसून रिपोर्टची पाकिटं वाटते. नाव तेवढं राहिलं. ते कशावरून पडलं हे नव्या नर्सेसना ठाऊक नाही आणि त्या विचारतही नाहीत.

घरात नवरा, एक मुलगी आणि एक नणंद. नणंद त्या घरात राहत नव्हती, पण माणसं मोजताना तिला धरावंच लागे.

ही नणंद नवऱ्याहून बरीच लहान. विमा कंपनीत अधिकारी, लग्न केलेलं नाही, चार गल्ल्या सोडून स्वतःचा फ्लॅट. केस आखूड, चपला दोनच जोड पण चांगल्या. तिच्या घरी सकाळी टेबलावर ठेवलेली कात्री संध्याकाळी टेबलावरच सापडते. डार्करूमबाईला तिच्या पगाराचा हेवा वाटत नव्हता, फ्लॅटचाही नाही. त्या कात्रीचा वाटायचा.

सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं न्हाणं-धुणं, औषधं, रात्रीची उठबस सगळं सुनेने केलं. लेक रविवारी यायची. हातात फळांची पिशवी, अंगाला कसलासा मंद वास. ती आली की सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा. सोमवारी सकाळी तोंड पुसताना त्या सुनेला विचारायच्या, "आज वार कोणता गं?" वार सांगितला की त्या भिंतीकडे बघत बोटांवर काहीतरी मोजायच्या. काय मोजायच्या ते सुनेला कळायचं. ती टॉवेल पिळून वाळत घालायची. जरा जास्तच पिळायची.

सासूबाई गेल्या, त्यानंतर काही महिन्यांनी डार्करूमबाईच्या मुलीने आत्याकडे शनिवारी जायला सुरुवात केली.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होती. आज्जी असतानाच आत्याने तिला वापरलेला पण चांगला कॅमेरा घेऊन दिला होता, फिल्मचा. गावातले रंगीत फिल्म धुणारे स्टुडिओ केव्हाच बंद पडलेले. म्हणून आत्याने व्हिडिओ बघून बघून घरीच फिल्म धुवायला शिकून घेतलं, आणि आता भाचीला शिकवायला घेतलं. मुलगी संध्याकाळी परत आली की तिच्या बोटांना वास यायचा. उग्र, आंबूस, नाकात बसणारा. डार्करूमबाईला तो दारातूनच ओळखू यायचा. तीस वर्षं तो तिच्याच बोटांना होता. मुलगी लहान असताना भरवायला बसलं की तोंड फिरवायची, "आई, तुझ्या हाताला वास येतो, बाबांना भरवायला सांग." तोच वास आता आत्याच्या बाथरूममधून अंगाला लावून ती घरभर मिरवत होती, आणि हात न धुताच बिस्किटं खात होती.

"आत्या म्हणते, डेव्हलपर अर्ध्या अंशानेही गार झाला तर रंग बिघडतात," मुलगी सांगायची.

"म्हणते का? बरं."

"आत्या म्हणते, फिल्म रिळावर चढवताना श्वास रोखायचा."

"कशाला? फिल्मला काय सर्दी होते?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मधे लोंबकळून आल्यामुळे घरात कोण वर, कोण खाली या भानगडीत तो पडत नसे. पण एकदा न राहवून म्हणाला, "अगं, तूही जा की एखाद्या शनिवारी. तुला तर सगळं येतं."

"मला बोलावलंय का कोणी?"

"बोलावलं तर जाशील?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? बोलवायला नको?"

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

असे बरेच शनिवार गेले. आणि एका शुक्रवारी मुलगी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. आई कांदा चिरत होती.

"आई, तुम्ही लोक इस्पितळात शेवटच्या पाण्यात काय घालायचात?"

सुरी थांबली. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नव्हतं.

"का गं?"

मुलीने सांगितलं ते असं. आज्जीचा एक रोल डबीत तसाच पडून होता. आज्जी आजारी असताना घरातच काढलेले फोटो, शेवटचे. तो धुवायचं धाडस इतके दिवस झालं नव्हतं, आधी हात बसू दे असं आत्या म्हणायची. आता हात बसला होता. पण आत्या ऑफिसच्या कामाला परगावी गेली होती, आणि शेवटच्या धुण्याची तिची बाटली संपली होती. आत्याने फोनवर सांगितलं, मी आल्यावर करू, येताना नवी बाटली आणते, तिच्याशिवाय करू नकोस.

"पण मला आता थांबवत नाही," मुलगी म्हणाली. "किती महिने झाले, नुसती डबी उघडून बघते. बाकी सगळं आहे. फक्त तेवढंच नाही."

"काय आहे त्या बाटलीत एवढं?"

"फायनल रिन्स म्हणतात. कोणी स्टॅबिलायझर म्हणतं. आत्या म्हणते, रंगीतला तेच लागतं."

आत्या म्हणते. डार्करूमबाईने कांदा बाजूला सारला, स्टूल ओढलं, वरच्या फळीवर हात घातला आणि जुन्या रद्दीमागून एक बाटली काढली. डार्करूम बंद झाली तेव्हा तिथली एकच गोष्ट ती घरी घेऊन आली होती, वेटिंग एजंटची ही बाटली, पाऊण भरलेली.

"हे घे. झाकणभर सुद्धा नको, छोट्या टाकीला चार थेंब पुरेत. आणि पाणी नळाचं घ्यायचं नाही, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं ते घ्यायचं."

"पण हे रंगीतला चालतं?"

आता खरं सांगायचं तर तिला ते माहीत नव्हतं. आयुष्यात तिने रंगीत फिल्म धुतली नव्हती. पण समोर मुलगी उभी होती, प्रश्न घेऊन, आणि तो प्रश्न तिने चार गल्ल्या पलीकडे नेला नव्हता, इथे आणला होता.

"फिल्म ती फिल्म. शेवटच्या पाण्याचं काम काय? डाग पडू न देणं. मी हजारो फिल्मा अशाच वाळवल्या आहेत. अजून तीस-तीस वर्षांचे एक्स-रे लोक घेऊन येतात, कालच धुतल्यासारखे असतात. ही नवनवी नावं बाटल्या खपवायला काढलेली. तुझ्या आत्याला डब्यावर लिहिलेलं सगळं खरं वाटतं. विम्यातली माणसं, छापलेल्या कागदावर विश्वास."

मुलगी हसली. आत्यावरच्या विनोदाला ती पहिल्यांदाच हसली होती. मग म्हणाली, "तू येशील? माझ्याकडे आत्याची किल्ली आहे."

डार्करूमबाई साडी बदलून आली.

नणंदेच्या बाथरूममध्ये ती याआधी फक्त हात धुवायला गेली होती. आता तिने नीट बघितलं. फळीवर तपकिरी बाटल्या रांगेने, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. भिंतीला खिळा, खिळ्याला दोन एप्रन. त्यातल्या लहान एप्रनवर तपकिरी डाग होते, म्हणजे तो नेहमीच्या वापरातला होता, कोणाचा तरी ठरलेला. आरशाखालच्या पेल्यात दोन टूथब्रश. त्यातला पिवळा कोणाचा हे विचारायची गरज नव्हती, कारण घरीही तसलाच पिवळा होता. डार्करूमबाईने मोठा एप्रन अंगात घातला. तिला तो तंग बसला.

पण काम सुरू झालं आणि ती सगळं विसरून गेली. मुलीने टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात धरली, डेव्हलपर ओतला, उलटी-सुलटी करत राहिली. मग ब्लीच आणि फिक्स एकत्र असलेलं ते लालसर पाणी. मग धुणं. आईने धुणं लांबवलं. "आणखी. घाई कसली? पाण्याला काही पैसे पडत नाहीत." शेवटी शुद्ध पाणी, त्यात मोजून थेंब, आणि हलकेच बुडवून वर. फिल्म टाकीतून बाहेर आली तेव्हा तिच्यावरून पाणी असं उतरलं की जणू तिच्यावर कधी पडलंच नव्हतं.

वाळल्यावर मुलीने ती खिडकीशी धरली. नारिंगी पट्टीवर उलट्या रंगांत आज्जी. खुर्चीत आज्जी, मटार सोलताना आज्जी, झोपलेली आज्जी.

"आई, एकही डाग नाही." मुलगी फिल्म पुढे-मागे फिरवत राहिली. "आत्याच्या फिल्मवर कडेला नेहमी दोन-तीन राहतात. आम्ही दोघी त्यांना मुंग्या म्हणतो."

"तिला सांग म्हणावं, मुंग्यांना साखर घालू नका."

मुलीने तिथेच फोन लावला. "आत्या, आज्जीचा रोल धुतला. आईने सांगितलं तसं, तिच्याकडच्या वेटिंगने. एकसुद्धा मुंगी नाही, माहितेय?" पलीकडून काय आलं ते डार्करूमबाईला ऐकू गेलं नाही. फक्त मुलीचं "हो... हो, तेच, फक्त तेच... बरं" एवढंच. तिला वाटलं, गप्प बसली. बरं झालं गप्प बसली.

मुलीने फिल्मच्या पट्ट्या कापून प्लास्टिकच्या कप्प्यांत घातल्या आणि आत्याच्या टेबलावर ठेवल्या. स्कॅनर तिथेच होता. त्या रात्री डार्करूमबाईने नवऱ्याला हाडांच्या डॉक्टरांचं वाक्य पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्याने ते तिला पूर्ण करू दिलं.

पुढच्या आठवड्यात इस्पितळातून सुटल्यावर ती वाकडी वाट करून फोटोच्या जुन्या दुकानात गेली. तिला वेटिंग एजंटची नवी बाटली घ्यायची होती. स्वतःसाठी नाही, नणंदेसाठी. त्या फळीवर, त्या तारखा लावलेल्या बाटल्यांच्या रांगेत, आपल्या हाताने एक बाटली ठेवायची. "मुंग्यांवर औषध आणलंय गं तुझ्याकडे," असं म्हणायचं. दुकानापर्यंत जाताना तिने हे वाक्य तीन-चार तऱ्हांनी म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी ते आणखी गोड झालं.

दुकानदार म्हातारा होता, पासपोर्टचे फोटो काढण्यावर दुकान चालवत होता. त्याने मागच्या खोलीतून बाटली आणली, तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

"काळी-पांढरी ना?" त्याने सहज विचारलं.

"रंगीत."

"मग हे कशाला? हे एकटं नाही चालायचं. फायनल रिन्स न्या."

"डाग पडत नाहीत याने. बघितलंय मी."

"डाग नाहीच पडणार. पण बुरशीचं काय?" त्याने बाटली काउंटरवर ठेवली. "काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्र असतं चांदीचं. चांदीवर बुरशी सहसा धजत नाही. रंगीतमध्ये ती चांदी ब्लीचमध्ये सगळी निघून जाते. राहतो नुसता रंग आणि जिलेटिन. जिलेटिन म्हणजे खाऊच तो. दमट हवेत एक-दोन वर्षांत जाळी धरते बघा, चेहऱ्यावरच धरते मेली. फायनल रिन्समध्ये ती न धरण्याचं औषध असतं. जुन्या काळच्या फिल्मांना तर रंग टिकायलाही लागायचं."

त्याला पुढे समजवावं लागलं नाही. जुने एक्स-रे घेऊन जायला इस्पितळात माणसं यायची हे तिला आठवलं. फिल्मांचे गठ्ठे वजनावर उचलायचे, फिक्सरचं वापरलेलं पाणीसुद्धा कॅनमध्ये भरून न्यायचे. चांदीसाठी. इतकी वर्षं ती स्वतः त्यांना कॅन भरून देत होती. चांदी तिच्या फिल्मांत होती म्हणून त्या तीस वर्षं टिकल्या. तिच्या हाताने नाही.

"मग देऊ कोणतं?" दुकानदाराने विचारलं.

"आता नको," ती म्हणाली. "विचारून येते."

घरी येऊन तिने भात लावला, कपडे आत आणले, नवऱ्याशी कशावरून तरी भांडली. डोक्यात एकच चालू होतं. आज काही दिसत नाही. उद्याही दिसणार नाही. एखाद-दोन वर्षांनी मुलगी कप्पे उघडेल आणि आज्जीच्या गालावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी असेल. तेव्हा कोण म्हणणार की आईच्या बाटलीमुळे झालं? हवा दमट होती म्हणता येईल. प्लास्टिकचे कप्पे स्वस्तातले होते म्हणता येईल. आणि कप्पे आत्याने आणलेले होते.

या शेवटच्या विचाराने तिला क्षणभर बरं वाटलं, आणि मग स्वतःची शिसारी आली.

उपाय अवघड नव्हता. पट्ट्या पुन्हा भिजवायच्या, त्या दुसऱ्या औषधातून काढायच्या, वाळवायच्या. बुरशी धरायच्या आत केव्हाही चालतं, एवढं तिला फिल्मचं कळत होतं. औषध दुकानात मिळालं असतं, पण पट्ट्या होत्या नणंदेच्या टेबलावर. म्हणजे तिच्या दारात उभं राहून म्हणायचं, मी चुकले. ज्या बाईने सासूबाईंचा एकही सोमवार बघितला नाही, तिला.

मुलगी तर रोज नव्या उत्साहात होती. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "अगं, माझी आई एकदम प्रो आहे." हे ऐकून डार्करूमबाई स्वयंपाकघरात निघून गेली. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते आलं, आणि कानाला टोचलं.

चार-पाच दिवस तिने असेच काढले. मग एका संध्याकाळी, मुलगी कॉलेजातून यायच्या आत, ती नणंदेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वहिनी? या ना. बरं नाही का?"

"बरी आहे. त्या आज्जीच्या पट्ट्या कुठे आहेत?"

"का हो?"

"त्या पुन्हा बुडवायला लागतील. तुझ्या त्या औषधात." तिने चप्पल काढली नव्हती. "माझं चुकलं. रंगीतला नुसतं वेटिंग चालत नाही. बुरशी धरते."

नणंदेने तिच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. "मी बुडवल्या, वहिनी."

"कधी?"

"परगावाहून आले त्याच संध्याकाळी. नवी बाटली घेऊनच आले होते."

डार्करूमबाई खुर्चीवर बसली. "मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? ती केवढी खुशीत होती. सारखं आई-आई चाललं होतं तिचं." नणंद जरा हसली. "तुम्हीसुद्धा खुशीत होता. कशाला त्यात खडा टाकायचा? झालं ना काम. तिला काही सांगायची गरज नाही. आपल्या दोघींत राहू दे."

ती हे मनापासून म्हणत होती, हीच खरी अडचण होती. टोमणा असता तर परत करता आला असता. नणंद आत जाऊन चहा टाकून आली. येताना तिने स्कॅन केलेले फोटो लॅपटॉपवर उघडले आणि तो वहिनीपुढे सरकवला.

"बघितलेत का तुम्ही मोठे करून?"

सासूबाई खुर्चीत. सासूबाई मटार सोलताना. जवळपास प्रत्येक फोटोत त्या कॅमेऱ्याकडे नाही, कडेला कुठेतरी बघत होत्या. एका फोटोत त्या कडेला एक मनगट होतं, पेला पुढे केलेलं. मनगटावर डार्करूमबाई इस्पितळात घालायची ते घड्याळ.

"आई सगळ्यांत तुमच्याकडेच बघते आहे," नणंद म्हणाली. "मी रविवारी यायचे तेव्हा माझ्याशी बोलायची खूप. पण तहान लागली की तुम्हाला हाक मारायची. मी शेजारी पेला घेऊन बसलेली असले तरी." तिने लॅपटॉप बंद केला. "मला फार राग यायचा तुमचा तेव्हा."

चहा पिऊन डार्करूमबाई उठली. दारात नणंद पुन्हा म्हणाली, "तिला नका सांगू हं. खरंच काही गरज नाही."

घरी येताना चार गल्ल्या तिने हाच विचार केला. सांगितलं नाही तर मुलीच्या लेखी ती प्रो राहणार. पण त्या प्रोची दोरी नणंदेच्या हातात राहणार. नणंद कधी ओढणार नाही, ती तसली नव्हतीच, आणि न ओढताच मोठी ठरणार. तिने मुकाट्याने चूक निस्तरली, मुकाट्याने पोटात ठेवली. डार्करूमबाईला नणंदेचा पगार, फ्लॅट, ती कात्रीसुद्धा चालली असती. हा चांगुलपणा तिच्या पदरात एकटीच्या पडावा, हे मात्र सोसवेना.

मुलगी पंख्याखाली केस वाळवत बसली होती. आईने पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. चांदी, बुरशी, दुकानदार. आणि आत्याने पट्ट्या पुन्हा बुडवल्या, तेही. "सांगू नका म्हणाली होती. पण मी म्हटलं, माझी चूक मीच सांगणार."

शेवटचं वाक्य म्हणताना तिला जरा बरं वाटलं होतं. मुलीचं तोंड बघून ते गेलं.

"म्हणजे तुला माहीत नव्हतं, तरी तू म्हणालीस हजारो फिल्मा धुतल्या."

"धुतल्याच आहेत."

"आणि आत्याने मला न विचारता माझ्या निगेटिव्ह काढून पाण्यात घातल्या. आणि नंतर मी तिच्यासमोर तुझं कौतुक करत बसले, तर ही नुसती मान हलवतेय." मुलीने कंगवा खाली ठेवला. "तुम्हाला दोघींना एकमेकींचं सगळं माहीत. रोल माझा, फोटो मी काढले, आज्जी माझी. मलाच काही माहीत नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"कोणाच्या भल्यासाठी ते मला कळतं, आई. मी लहान नाही. मी काय फिल्मची पट्टी आहे का? कोणाच्या बाटलीत बुडवायची त्यावरून चाललंय तुमचं."

त्या रात्री ती जेवली, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्याला तिने "बाबा, मीठ" एवढं म्हटलं, आणि तो उगाच अपराधी चेहऱ्याने मीठ शोधत राहिला.

तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीत असताना डार्करूमबाईचा फोन वाजला. नणंद होती.

"वहिनी, तुमच्याशी बोलते का ती?"

"नाही. तुझ्याशी?"

"फोनच उचलत नाही."

"बरं," डार्करूमबाई म्हणाली. समोरच्या पेशंटला तिने पाकीट दिलं, वर जिना कुठे आहे तेही सांगितलं, एरवी सांगत नसे.

शनिवारी मुलगी सकाळी बाहेर गेली आणि तासाभराने रिक्षातून उतरली. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत घमेलं. टाकी, रीळ, मोजपात्रं, थर्मामीटर, सगळं आत्याकडून उचलून आणलं होतं. पिशवीत तपकिरी बाटल्या होत्या, त्यांवरच्या आत्याच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या. त्याच फोटोच्या दुकानातून आणलेली फायनल रिन्सची एक नवी बाटली, आणि लहान एप्रन. आणि पिवळा टूथब्रश. तो तिने घरच्या पेल्यात ठेवला. आता तिथे दोन पिवळे झाले.

"मी इथे धुणार आहे," ती म्हणाली. आईशी बोललेलं पहिलं वाक्य. "आत कोणी यायचं नाही. शेवटच्या पाण्यात काय घालायचं ते माझं मी बघेन. कोणी विचारायचं नाही, सांगायचं नाही."

"दोन तास बाथरूम बंद?" नवरा म्हणाला.

"शेजारी जा, बाबा."

दार लागलं. डार्करूमबाई बाहेर स्टुलावर बसून शेंगा मोडू लागली. आतून नळ सुटल्याचा, बंद झाल्याचा आवाज आला. टाकी उलटी-सुलटी होत होती, त्याचा ताल जरा घाईचा होता. सांगावंसं वाटलं. तिने पुढची शेंग मोडली.

फोन वाजला.

"वहिनी, सगळं घेऊन गेली ती." नणंदेचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आतून कोणी ओढून धरल्यासारखा होता. "एप्रनसुद्धा. तुमच्याकडे करतेय का?"

त्या आवाजातलं डार्करूमबाईने लगेच ओळखलं. कित्येक शनिवार तिचा स्वतःचा आवाज तसा यायचा, फरक एवढाच की ती फोन करत नसे.

"इकडे करतेय," ती म्हणाली. "पण मलाही आत घेत नाही. बाहेर बसलेय मी, राखणदारासारखी."

"खरंच?"

"तुझी शपथ. दार बंद आहे."

पलीकडे श्वास जरा सैल झाला. "मग ठीक आहे," नणंद म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून हसली. डार्करूमबाईही हसली.

"उद्या ये," ती म्हणाली. "दोघी बाहेर बसू."

"येते. येताना तुमच्यासाठी काय आणू?"

"फळं नको," डार्करूमबाई म्हणाली. फोन ठेवून तिने पुन्हा शेंगा घेतल्या, तेवढ्यात बाथरूमचं दार बोटभर उघडलं. आतून तो उग्र, आंबूस वास आला. मागोमाग मुलीचा हात, कोपरापर्यंत ओला.

"आई, जरा हे टोक धर. दोरी उंच आहे, माझा हात पुरत नाही. फक्त धरायचं. बोलायचं नाही."

डार्करूमबाईने पदराला हात पुसले आणि आत गेली. फिल्मचं टोक तिने दोन बोटांत धरलं, कडेला, पूर्वी धरायची तसंच. फिल्मवर पाणी कसं उतरतंय ते बघितलं. कडेला एक मुंगी राहिली होती. डार्करूमबाई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी नणंद आली, मुलगी आत दुसरा रोल धुवत असताना दोघी बंद दाराबाहेर बसल्या, खूप बोलल्या. टोक धरायला बोलावलं होतं, हे मात्र डार्करूमबाईने नणंदेला सांगितलं नाही.